लॉटरीचं अनुदान सोडतीत लागत नाही, अर्ज करून मिळतं

ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं सार असं: ‘नॅशनल लॉटरीचं अनुदान म्हणजे नावाप्रमाणे लॉटरीच, लागली तर लागली. तेही नोंदणीकृत, बड्या, गोऱ्या संस्थांनाच मिळतं. आपल्या गणपती-दिवाळी करणाऱ्या मंडळांना तिथे कुणी विचारत नाही. हवंच असेल तर टक्केवारीवर काम करणारा सल्लागार गाठा. आणि शेवटी जुगाराचाच पैसा तो, आपल्याला कशाला हवा?’

हा मजकूर वाचून मंडळं अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. लहान संस्थांचे अर्ज वाचून सुधारून देण्याचं काम मी करते. पात्र असूनही घरी बसलेली मंडळं डोळ्यांसमोर आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी नशिबाचं. सोडत निघते ती तिकिटांची. १९९३ च्या कायद्याने ही लॉटरी उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १९९४ ला पहिली सोडत झाली. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा बक्षिसांना जातो, १२ टक्के कर सरकारी तिजोरीत जातो, दुकानदाराचं कमिशन आणि चालवणाऱ्या कंपनीचा खर्च निघतो आणि पौंडामागे वीस-पंचवीस पेन्स समाजोपयोगी कामांसाठी बाजूला पडतात. ही रक्कम आठवड्याला सुमारे ३ कोटी पौंड होते. त्यातले ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि धर्मादाय कामांना. क्रीडा, कला आणि वारसा यांना प्रत्येकी २० टक्के. त्या ४० टक्क्यांचं वाटप नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड करतो.

तिकिटं विकणारी कंपनी वेगळी, अनुदान देणारी संस्था वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅमलॉट जाऊन ऑलविन आली, पण अनुदान कुणाला द्यायचं यात पूर्वी कॅमलॉटचा संबंध नव्हता आणि आज ऑलविनचाही नाही. अर्ज फंडातली माणसं वाचतात. पैशापेक्षा अर्ज जास्त असतात, त्यामुळे चांगला अर्जही कधीकधी नाकारला जातो. ही स्पर्धा आहे. हरलात तर सुधारून पुन्हा उतरता येतं, ही सोय सोडतीत नसते.

‘नोंदणीकृत बड्या संस्थांनाच’ हे तर सरळ चुकीचं आहे. इंग्लंडमध्ये अवॉर्ड्स फॉर ऑल या योजनेतून ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत रक्कम मिळते, काम दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. २०२३ च्या अखेरीपर्यंत कमाल मर्यादा १०,००० होती, ती दुप्पट झाली. चॅरिटी म्हणून नोंदणी असण्याची अट नाही. लागतं ते इतकंच: लिखित घटना, संस्थेच्याच नावाचं बँक खातं आणि एकमेकांचे नातलग नसलेले किमान दोन समिती सदस्य.

आपली मंडळं अडतात ती या शेवटच्या दोन अटींवर. नवरा अध्यक्ष, बायको खजिनदार, सचिव म्हणून दिराचं नाव, आणि वर्गणी जमा होते ती अध्यक्षांच्या खासगी खात्यात. यात कुणाची नियत वाईट नसते. कामं करायला तीच घरं पुढे येतात म्हणून तसं होतं. पण अर्जात दोन संपर्क व्यक्ती द्याव्या लागतात. त्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने जोडलेल्या नकोत, एका पत्त्यावर राहणाऱ्याही नकोत. खात्यावरही नातं नसलेल्या किमान दोघांचं नियंत्रण हवं. एक सर्वसाधारण सभा घ्या, दुसऱ्या घरातली दोन माणसं समितीवर घ्या, संस्थेचं खातं उघडा. अनुदान मिळो न मिळो, मंडळाचा कारभार यामुळे स्वच्छ होतो.

‘गोऱ्या संस्थांनाच’ या तक्रारीला मी हसण्यावारी नेणार नाही. अल्पसंख्याक समाजातल्या लहान संस्थांना निधी मिळवताना जास्त झगडावं लागतं, हे त्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. फंडाच्या २०२३ ते २०३० च्या धोरणात गरिबी, वंचितपणा आणि भेदभाव सोसणाऱ्या लोकांना प्राधान्य दिलं आहे, ते उगीच नव्हे. पण ‘मिळतच नाही’ हे खरं नाही, आणि ते तुम्हाला स्वतः पडताळता येतं. फंड आपल्या अनुदानांची यादी उघडपणे प्रसिद्ध करतो. अनुदानांची माहिती खुली करणाऱ्या ३६०गिव्हिंग या संस्थेच्या ग्रँटनॅव्ह या मोफत संकेतस्थळावर आपल्या शहराचं नाव टाका: कुणाला, किती, कशासाठी, सगळं दिसतं. दक्षिण आशियाई ज्येष्ठांचे गट, महिलांचे गट त्यात सापडतात.

आता गणपतीचं. फॉरवर्डमधलं हे एक वाक्य अर्धं खरं आहे. धार्मिक कार्याला हा पैसा मिळत नाही: मूर्ती, पूजा, प्रसाद, गुरुजींची दक्षिणा यातलं काहीही अर्जात बसणार नाही. दारूवरचा खर्च बसत नाही, राजकीय काम बसत नाही, आधीच करून टाकलेला खर्चही बसत नाही. पण म्हणून गणपती बसवणारं मंडळ अपात्र ठरत नाही. संस्था कोण आहे यापेक्षा हे पैसे कशावर खर्च होणार आणि त्याचा उपयोग कुणाला होणार, हे पाहिलं जातं.

माझ्यापुढे येणाऱ्या मराठी अर्जांचं पहिलं वाक्य बहुधा असं असतं: ‘आमचं मंडळ गेली अनेक वर्षं मराठी संस्कृतीचं जतन व संवर्धन करत आहे.’ वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘आमच्या भागात मुलांकडे राहायला आलेले आणि दिवसभर घरात एकटे असणारे आजी-आजोबा आहेत. अनेकांना इंग्रजी बोलण्याचा संकोच आहे, बसने एकटं जायची भीती आहे. दर मंगळवारी ११ ते २ आम्ही सभागृह भाड्याने घेऊ. खुर्चीत बसून करायचे व्यायाम, दवाखान्याची वेळ फोनवरून कशी घ्यायची याचा सराव आणि गरम जेवण. परिसरातल्या कोणत्याही ज्येष्ठाला यायची मुभा.’ मग खर्च: सभागृहाचं भाडं, व्यायाम प्रशिक्षकाचं मानधन, शिधा, स्वयंसेवकांचा प्रवास, विमा. गरज कशावरून कळली तेही लिहा. गणपतीत जमलेल्या ज्येष्ठांशी बोलून त्यांची मतं टिपून घेतलीत, तर तो चांगला पुरावा आहे.

आणि हा एकच दरवाजा नाही. साठ-सत्तरच्या दशकात इथे आलेल्या मराठी माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील, तर नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड आहे, त्याची अनुदानं १०,००० पौंडांपासून सुरू होतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. इतक्या जुन्या वस्तीच्या आठवणी त्या पिढीबरोबर पुसल्या जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, आणि तसल्या कामाला लॉटरीचा पैसा मिळू शकतो.

सल्लागाराबद्दल थोडक्यात. अर्ज मोफत आहे. अर्ज लिहून घेण्याचे पैसे अनुदानातून देता येत नाहीत, त्यामुळे ‘मंजूर झाल्यावर त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणारा माणूस तुम्हाला नियम मोडायला लावतो आहे. त्याला नाही म्हणा. शंका असेल तर फंडाला फोन करा, ईमेल करा.

राहिला जुगाराचा मुद्दा. काही धार्मिक संस्था हा पैसा तत्त्व म्हणून घेत नाहीत. तुमच्या समितीचं तसंच मत असेल तर त्याचा मी मान राखते. लॉटरीचं व्यसन लागतं, आणि ज्यांच्या खिशाला परवडत नाही अशी माणसंही तिकिटं काढतात, हेही खरं. २०२१ मध्ये तिकिटासाठीचं किमान वय १६ वरून १८ करावं लागलं, ते याच काळजीतून. पण आपण अर्ज केला नाही म्हणून एकही तिकीट कमी विकलं जात नाही. ज्या वस्त्यांतून हा पैसा गोळा होतो, त्यात आपलीही माणसं राहतात. तो त्यांच्याकडे परत यावा, हा त्यांचा हक्क आहे.

अवॉर्ड्स फॉर ऑलला शेवटची तारीख नसते, पण निर्णयाला तीन-चार महिने लागतात आणि निर्णयाआधी केलेला खर्च मिळत नाही. जुलैत मुलांचं शिबिर घ्यायचं असेल तर अर्ज जानेवारीत जायला हवा. म्हणजे बँक खात्याचं आणि समितीचं काम दिवाळीच्या सुमारासच उरकून घ्या.