डांग्यांविषयी बोलताना घ्यायची काळजी

परवा गिरणगावच्या इतिहासावरच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यान बरं झालं. नंतरची प्रश्नोत्तरं ऐकून मात्र खात्री पटली, की कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे यांच्याविषयी चारचौघांत कसं बोलावं याचं रीतसर मार्गदर्शन आपल्याकडे कुणी केलेलंच नाही. लोक बिचारे आपापल्या परीने रेटतात. तेव्हा या काही सूचना. डांग्यांच्या जागी लाल बावट्याचा दुसरा कुठलाही पुढारी घातलात तरी चालेल.

सुरुवात नेहमी १९२४पासून करावी. १९२८चा गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप, मीरत कटाचा खटला, संयुक्त महाराष्ट्र समिती हे सगळं नंतरचं, आणि कंटाळवाणं. कम्युनिस्टांवरचा कानपूर कटाचा खटला, तुरुंग आणि तिथून डांग्यांनी इंग्रज सरकारला मदतीची तयारी दाखवत लिहिली म्हणतात ती पत्रं, एवढं पाठ असलं की पुरे. १९६४च्या मार्चमध्ये ‘करंट’ साप्ताहिकात ती छापून आली. डांगे म्हणाले बनावट आहेत, त्यांचे पक्षातले विरोधक म्हणाले खरी आहेत. एप्रिलमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून बाहेर पडले आणि त्या वर्षात पक्ष दुभंगला. रशिया-चीनचं भांडण, काँग्रेसबरोबर जायचं की नाही, असली फुटीमागची मोठी कारणं सांगत बसू नये, ऐकणाऱ्यांचा रस जातो. तुम्ही ती पत्रं वाचली आहेत का, असं कुणी आगाऊपणे विचारलंच, तर ‘अहो, सगळ्या जगाला माहीत आहे’ म्हणावं.

पत्रं उगाच काढू नयेत. समोरच्याने सावरकरांचे दयेचे अर्ज काढले की मगच टाकावीत. उलट क्रमही चालतो. फिटंफाट झाली की दोघांनी विजयी मुद्रेने खाली बसावं. दोघांपैकी कुणालाही अंदमानचंही पडलेलं नसतं आणि कानपूरचंही.

तेवढ्याने भागलं नाही तर चीन काढावा. यात एक बारीकशी अडचण आहे. १९६२ला चीनविरुद्ध ठराव करून नेहरूंच्या सरकारमागे उभं राहणाऱ्या गटाचे पुढारी डांगेच होते आणि त्यावरूनच पक्षातली अर्धी मंडळी त्यांच्यावर उखडली होती. पण एवढं कोण बघतंय!

डांग्यांच्या भक्तांसाठी एकच सूचना: आणीबाणीचा विषय निघाला की चहा मागवावा.

आता माइक. हातात माइक आला की ‘माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे’ असं म्हणून सुरू व्हावं. परवा एका गृहस्थांनी असंच सुरू केलं. त्यांचं संपतंय तोवर दुसरे उठले, ‘मला याचं खंडन करायचंय.’ पत्रावरची सही, सहीतली स्पेलिंग, कागद, शाई, अभिलेखागार. मग पहिले परत. तिसऱ्या रांगेत एक मावशी हात वर करून बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, आणि फाइलच्या सगळ्यात वर लॅमिनेट केलेलं नवऱ्याचं गिरणीचं ओळखपत्र. कडा पिवळ्या पडलेल्या, फोटोतला माणूस पंचविशीतला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज करून वर्षं गेली, आता मुंबईबाहेर शेलू नाहीतर वांगणीला घर घ्या म्हणतात. जन्म लालबागेत गेला, या वयात तिकडे कसं जायचं आणि हफ्ते कुणी भरायचे? पुरतं एक वाक्यही बोलू दिलं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, विषयाला धरून विचारा.’ विषयाला धरून! अहो, गिरणगाव हाच विषय होता ना? ज्यांच्या जिवावर तुमचे डांगे मोठे झाले आणि ज्यांच्या नावाने तुम्ही त्यांना शिव्या घालता, ती माणसं समोर बसली होती. त्यांना गप्प बसवून तुम्ही सहीतली वेलांटी तपासत होतात! दोघेही. एकाला डांगे पाडायचे होते, दुसऱ्याला वाचवायचे होते. त्या बाईला घर मिळतं की नाही याच्याशी दोघांनाही काडीचं कर्तव्य नव्हतं. तिने फाइल पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि बस चुकेल म्हणून ती निघून गेली.

असो. सूचना पुढे चालू.

शेवटी, आणि न चुकता, ‘माणूस कसाही असो, पण निवडून येणार नाही’ हे म्हणावं. याला पुरावा लागत नाही. पुरावा मागणाऱ्याने मात्र जरा जपून राहावं, कारण १९५७ला डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले. १९६२च्या लोकसभेत ते नव्हते. १९६४ला पत्रं छापून आली, देशभर बोभाटा झाला, पक्ष फुटला आणि १९६७ला डांगे मुंबईतून पुन्हा निवडून आले. म्हणजे पत्रं बाहेर यायच्या आधी दिल्ली हुकली आणि आल्यावर मिळाली! १९७४च्या पोटनिवडणुकीत गिरणगावाने त्यांच्या मुलीला, रोझा देशपांडेंना, खासदार केलं. १९८४ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची देशभर लाट होती, तरी याच गिरणगावाने संप फसलेल्या दत्ता सामंतांना लोकसभेवर पाठवलं. आजचं हवं असेल तर डहाणूत माकपचे विनोद निकोले २०१९ला आले आणि २०२४लाही आले. यावर ‘तो आदिवासी भाग आहे हो’ असं उत्तर तयार ठेवावं. आदिवासींचं मत अर्धंच मोजतात, अशी आपली समजूत असतेच.

पुरे झालं. उपरोध करायचाही कंटाळा आला.

डांग्यांवर टीका जरूर करा. आणीबाणीची पाठराखण का केली, ते विचारा. १९७०मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांची परळची जागा शिवसेनेकडे गेली. कामगारांच्या बालेकिल्ल्यात हे कसं झालं, ते विचारा. ज्या पक्षाचे अध्यक्ष होते त्याच पक्षाने १९८१ला काढून का टाकलं, तेही विचारा. पण त्यासाठी बसून चार गोष्टी वाचाव्या लागतात आणि तेवढे कष्ट तुम्हाला नको आहेत. तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या शाईचा वास घ्यायचाय. आणि काल एका पक्षाच्या व्यासपीठावर ज्याला तुम्ही भ्रष्ट म्हणत होता, तो आज दुसऱ्याचा उपरणा घालून आला, की त्याचा भूतकाळ तुम्ही जेवायच्या आत विसरता. त्याच्याबद्दल कधी विचारलंत, तुरुंगातून कुणाला काय लिहिलं होतं म्हणून?

आणि ते ‘निवडून येणार नाही’ आता बंद करा. ‘माणूस चांगला आहे, पण मत वाया जाईल’ असं म्हणून तुम्ही मत दुसऱ्याला देता. तो पडतो. मग तुम्हीच ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ म्हणून मिरवता. नका देऊ मत, तुमचा हक्क आहे. धोरण पटत नसेल तर तसं तोंडावर सांगा. पण भविष्य कळल्यासारखा आव आणू नका. तो पडला कारण तुम्ही दुसरं बटण दाबलंत.