जुना रोलर कोस्टर काळ्या मातीत असा उभा राहत नाही

अमरावती-यवतमाळकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: परदेशातली बंद पडलेली पार्कं आपले रोलर कोस्टर भंगाराच्या भावात काढतात. नट-बोल्ट खोलायचे, कंटेनरमध्ये भरायचे आणि तीन आठवड्यांत आपल्या गावाजवळ उभं करायचं. यात्रेतल्या आकाशपाळण्यासारखंच काम असल्यानं पाया लागत नाही, आपले फिटर पुरतात. कास्तकारानं फक्त तीन एकर वावर आणि थोडी 'भागीदारी' द्यायची, वर्षात पैसे वसूल. माझा मावसभाऊ हे वाचून कपाशीचं वावर द्यायला निघालाय. त्याला फोनवर सांगून पटेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. रोलर कोस्टर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्लेलँड पार्कातला 'रॉकेट' हा लाकडी कोस्टर पार्क बंद पडल्यावर फळी न फळी नंबर घालून उतरवला गेला आणि १९८५ साली पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्स पार्कात 'फिनिक्स' म्हणून पुन्हा सुरू झाला. तो अजून चालतो. जर्मनीत १९८९ सालचा 'ऑलिम्पिया लूपिंग' हा पाच लूपांचा कोस्टर तर जत्रेजत्रेतून फिरतो, म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या मोठ्या जत्रेलाही लागतो. मेसेजवाल्यानं बहुतेक त्याचेच फोटो लावलेत. पण तो कोस्टर मुळातच खोलून-जोडून फिरवण्यासाठी बनवलेला आहे. त्याचा भार खालच्या पोलादी सांगाड्यावर पसरतो, म्हणून त्याला काँक्रीटचा पाया लागत नाही. पार्कातला कोस्टर तसा नसतो. तो प्रत्येक खांबागणिक काँक्रीटमध्ये रोवलेला असतो. मेसेजमध्ये फोटो एकाचा आहे आणि विकायला काढलाय दुसराच.

भंगाराचा भाव हेही अर्धं खरं. विकणाऱ्याला जागा मोकळी करून हवी असते, म्हणून तो स्वस्तात देतो. उतरवणं, वाहतूक, पाया, नवीन कंट्रोल पॅनल आणि तपासणी हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि खरेदीची किंमत त्यापुढे किरकोळ ठरते.

आता 'पाया लागत नाही' या वाक्याकडे येतो, कारण त्यानंच माणसं मरतील.

आकाशपाळणा एका जागी फिरतो आणि त्याचा भार बहुतांशी खालीच जातो. कोस्टरची गाडी दरीच्या तळाशी येते तेव्हा स्वतःच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोरानं रूळ दाबते. टेकाडावरून जाताना तीच गाडी रूळ वर ओढते आणि वळणावर बाजूला ढकलते. म्हणजे पायाला एका मिनिटात दाब, उपसणं आणि आडवा ढकला हे तिन्ही सोसायचे असतात. त्यावर वारा. वाऱ्याच्या भाराचा जो भारतीय मानक ग्रंथ आहे, आयएस ८७५चा भाग ३, त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर. मे महिन्यात वादळानं टिनपत्रे कुठल्या कुठे जातात हे आपण दरवर्षी पाहतो. ४० मीटर उंच सांगाड्याचा हिशेब याच वाऱ्याला धरून करावा लागतो.

आणि खाली काय आहे? आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खोल काळ्या जमिनीत ओल-कोरडीची ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाते. वरवरच्या फुटिंगवर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात, त्या याच कारणानं. कोस्टरमध्ये तर दोन शेजारच्या खांबांमध्ये काही मिलिमीटरचा फरक पडला तरी रुळाच्या जोडावर ताण येतो. गाडीची चाकं रुळाला वरून, बाजूनं आणि खालून अशी तिन्हीकडून धरून असतात. रूळ वाकडा झाला की बाजूची आणि खालची चाकं घासतात, आपटतात. दिवसाला शेकडो फेऱ्या झाल्या की वेल्डिंगच्या कडेला बारीक चिरा सुरू होतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

यावर उपाय आहे, फुकटचा नाही. आधी वावरात चार-सहा ठिकाणी बोअर घेऊन कडक मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते पाहायचं. एका धुऱ्याजवळ दोन मीटरवर मुरूम लागतो आणि नाल्याकडच्या बाजूला सहा मीटर खाली जावं लागतं, असं एकाच वावरात होतं. मग अंडर-रीम्ड पाइल टाकायचे, म्हणजे खाली फुगा असलेले खांब, हलत्या मातीच्या खाली पक्के धरणारे. त्यांना जोडणाऱ्या बीमखाली पोकळी सोडायची, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. जुन्या जागचे अँकर बोल्ट तिथल्या काँक्रीटमध्येच राहतात, कापून टाकावे लागतात. नवे बोल्ट टेम्प्लेट (भोकांचा साचा) लावून, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं मोजून ओतायचे, खांबाच्या बुडाची बेसप्लेट लेव्हल करायची आणि खाली न आकसणारं ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं. प्रत्येक खांबाचा भार वेगळा, तो बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ ड्रॉइंगवरूनच कळतो. ड्रॉइंग नसेल तर इंजिनिअरकडून सगळा हिशेब नव्यानं करून घ्यावा लागतो. आणि काँक्रीटची ताकद आपण २८ दिवसांवर मोजतो. 'तीन आठवड्यांत उभा' म्हणणाऱ्यानं पायाच्या काँक्रीटचासुद्धा विचार केलेला नाही.

अनुभवी लोकांना किती वेळ लागतो तेही पाहा. अमेरिकेत केंटकीतला 'चँग' हा कोस्टर २००९ला बंद झाला आणि न्यू जर्सीत 'ग्रीन लँटर्न' म्हणून २०११ला सुरू झाला. दोन्ही पार्कं तेव्हा एकाच कंपनीची, हाताशी माणसं आणि क्रेन, तरी एवढा काळ गेला. 'बॅटमॅन द एस्केप' हा कोस्टर तर दोन पार्कांत फिरून ह्यूस्टनच्या पार्कात आला, २००५ला ते पार्क बंद पडलं, सुटे भाग डेरियन लेक पार्कात वर्षानुवर्षं पडून राहिले आणि शेवटी भंगारात गेले.

'नट-बोल्ट खोला आणि पुन्हा लावा.' रुळाच्या जोडांना १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, ठरावीक ताणानं आवळलेले बोल्ट असतात. एकदा पूर्ण ताण घेतलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो, सगळे नवे लागतात आणि ते टॉर्क (पिळण्याचा जोर) मोजून आवळावे लागतात. उतरवलेला प्रत्येक तुकडा रंग काढून, न दिसणाऱ्या चिरांसाठी चुंबकीय कणांनी आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) यंत्रानं तपासावा लागतो, चाकांचे अ‍ॅक्सल तर नक्कीच. भरताना एखादा रूळ जरा वाकला तर जोडाची भोकं जुळत नाहीत. मग घाईत जॅक लावून ओढून बोल्ट घातला जातो आणि तो ताण पोलादात कायमचा अडकून राहतो.

हे घाबरवायला लिहीत नाही. १९८४ साली जर्मन जत्रांसाठी बनलेला श्वार्झकोफ या जर्मन निर्मात्याचा तीन लूपांचा एक कोस्टर पुढे मलेशियात गेला, तिथून इंग्लंडला आणि २००७ला मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेकच्या पार्कात. तिथं त्याचं नाव 'किमेरा'. २८ सप्टेंबर २०१९ला त्याचा शेवटचा डबा रूळ सोडून पडला आणि २ जण ठार झाले. तपासात देखभालीतली हयगय समोर आली, पार्कचा परवाना गेला. तो कोस्टर तर हलवण्यासाठीच बनवलेला होता. तोही जुना होत गेला आणि नव्या मालकानं जपला नाही, तर असं होतं.

बाकीचं थोडक्यात. ४० फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, त्यात लूपचे वळलेले तुकडे मावत नाहीत. फ्लॅट-रॅक (बाजूच्या भिंती नसलेले कंटेनर) आणि उघडे ट्रेलर लागतात. समृद्धीवरून ते अमरावती जिल्ह्यापर्यंत येतीलही, पण पुढं गावच्या रस्त्यावरच्या मोऱ्या आणि लोंबत्या तारांचं काय? वीज: अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तिकडची मोटर इथं तशीच जोडली तर सहाव्या हिश्श्यानं हळू फिरते, चढणीची साखळी मंदावते आणि कंट्रोल पॅनलचं टायमिंग चुकतं. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच असते, म्हणजे स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरही आला.

बहिरमच्या यात्रेत पाळणा उभा करणारे कारागीर त्यांच्या कामात पक्के आहेत, त्यांना कमी लेखत नाही. पण सेफ्टी पीएलसी (गाडी सुरक्षित चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर), ब्लॉक ब्रेक (पुढचा टप्पा रिकामा नसेल तर गाडी थांबवणारे ब्रेक) आणि दोन गाड्यांमधलं अंतर राखणारे सेन्सर हे त्यांच्या रोजच्या कामातले नाहीत.

वर्षात पैसे वसूल या मुद्द्याला उत्तर एकच: रोजची तपासणी, वर्षातून एकदा चाकं-अ‍ॅक्सल उतरवून पाहणं आणि विमा यांचा एक रुपयाही त्या मेसेजच्या हिशेबात नाही.

तरी कुणाला पुढं जायचंच असेल, तर सातबारा दाखवण्याआधी समोरच्याकडून हे कागद मागा: कंपनीचं मूळ ड्रॉइंग आणि खांबागणिक भाराचा तक्ता, त्याच वावरातल्या बोअरचा माती-अहवाल, प्रत्येक तुकड्याचा तपासणी अहवाल, आणि आयएस १५४७५ (करमणुकीच्या राइड्सच्या सुरक्षेचं भारतीय मानक) प्रमाणे मी जबाबदार आहे अशी सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव. यातला एकही कागद 'नंतर देतो' म्हणाले तर इसारपावतीवर सही करू नका.