खोडदची जाळी आणि आमचा तापलेला डबा

गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन नारायणगावजवळ एका टोमॅटोच्या शेतात गेलो होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. पानाचा फोटो काढायचा आणि करपा रोग आहे की नाही ते आमच्या एआयच्या डब्याने जागेवरच सांगायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये, एसीत, झकास चालत होतं. शेतात दुपारी बाराला डब्यातला बोर्ड असा तापला की आधी मंदावला, मग बंदच पडला. एक पोरगा वहीने वारा घालत बसला. शेतवाले काका बांधावरून बघत होते. म्हणाले, "सर, तुमच्या यंत्राला ऊन बाधलं. कांदा फोडून लावा नाकाला."

हसलो आम्ही सगळेच. पण खरं दुखणं तेच आहे. एआय हुशार झालं, पण ते चालवणारं हार्डवेअर महाग आणि खादाड. एआय चालवायला वापरतात ते एनव्हिडियाचं एच100 कार्ड 700 वॅटपर्यंत वीज खातं. म्हणजे घरातला मिक्सर, फक्त दिवसरात्र चालू, आणि असे हजारो एका छताखाली.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या इंडिया एआय मिशनला 10,372 कोटी रुपये मंजूर झाले. त्यातला सर्वांत मोठा वाटा जीपीयू, म्हणजे असली कार्डं, उपलब्ध करून देण्यासाठी. सवलतीच्या दरात ती वापरायला मिळतात, त्या रांगेत मीही आहे, तेव्हा नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच: कार्डांवर शंभर रुपये जात असतील तर त्यातले दहा स्वस्त आणि कमी विजेच्या चिपच्या संशोधनाला बाजूला काढा. भाड्याची कार्डं काकांच्या बांधापर्यंत येत नाहीत.

वीज नेमकी जाते कुठे? स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी 2014 साली मांडलेले आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. 45 नॅनोमीटर तंत्राच्या चिपवर 32 बिटांची एक दशांशातली (फ्लोटिंग पॉइंट) बेरीज करायला 0.9 पिकोज्यूल (ऊर्जेचं अगदी सूक्ष्म माप) लागायचे, आणि तोच आकडा बाहेरच्या मेमरीतून आणायला साधारण 640. फोडणीला मोहरी हवी म्हणून दर वेळी कोथरूडहून मार्केट यार्डात जाऊन यायचं, असला प्रकार. मोहरीचा डबा ओट्यावर आणायचा, म्हणजे मेमरीतच किंवा तिच्या अगदी शेजारी गणित करायचं, यावर जगभर काम चालू आहे. दुसरी गोष्ट, 32 बिटांच्या जागी 8 बिटांची साधी पूर्णांक बेरीज केली तर खर्च 0.03 वर येतो. तीसपट कमी! आणि पानावरचा करपा ओळखायला तेवढी अचूकता बहुतेक वेळा पुरते.

इथे मला खोडद आठवतं. त्याच दिवशी परतण्याआधी मुलांना तिकडे नेलं होतं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 डिश, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. जवळ जाऊन वर पाहिलं की आरपार आभाळ दिसतं, कारण पृष्ठभाग पत्र्याचा नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब सरळ होता: आपल्याला मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी पकडायच्यात, त्यांना ही भोकं जाणवतच नाहीत, मग पत्रा कशाला? जाळीतून वारा निघून जातो, सांगाडा हलका होतो, खर्च उतरतो. बिटं कमी करणं म्हणजे तरी दुसरं काय!

पुण्यात हा विषय निघाला की कोणीतरी 'परम' या महासंगणकाचा पोवाडा सुरू करतंच. 1988 साली सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था, 1991 साली तिचा परम 8000. अभिमान मलाही आहे, पण त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते हेही पोवाड्यात यायला हवं. ते जोडून एकत्र कामाला लावणं ही आपली करामत. आता सी-डॅकचा वेगा, आयआयटी मद्रासचा शक्ती, हे प्रोसेसर आपल्याकडेच आरेखित झालेत. माणसं आहेत. पैसा हवा आणि त्याहून जास्त धीर हवा. नवी चिप पहिल्या खेपेला चुका घेऊन परत येऊ शकते, दुसरी खेप काढायलाही पैसे लागतात, आणि आपल्याकडे पहिल्या खेपेलाच फाइल बंद.

मी स्वतः एकदा अशा छोट्या चिपचा प्रस्ताव पाठवला होता. कुठे, ते सोडा. शेरा आला: "तयार कार्डे बाजारात उपलब्ध असताना याची आवश्यकता स्पष्ट होत नाही."

तोच प्रस्ताव या वर्षी पुन्हा पाठवतोय. या खेपेला पहिल्याच पानावर खोडदच्या डिशचा फोटो लावलाय, खालून काढलेला, जाळीतून आभाळ दिसतंय असा.