पालखीचे चित्रण आणि मूळ फाइल

गेल्या शिमग्यात वाडीतल्या एका काकांनी मला २००६ सालच्या पालखीचे चित्रण फोनवर दाखवले. पालखी नाचवणाऱ्यांत माझे आजोबा आहेत, असे ते बोट ठेवून सांगत होते. मला मात्र तिथे पांढरट चौकोनी ठोकळे हलताना दिसत होते. हे चित्रण मूळचे मिनीडीव्ही कॅसेटवरचे, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या फितीवरचे. कॅसेटची डीव्हीडी झाली, डीव्हीडीवरून कोणीतरी एमपी४ केली, ती चाकरमान्यांच्या ग्रुपवर गेली आणि हातोहात फिरत काकांपर्यंत पोहोचली. दर टप्प्यावर एन्कोडरने, म्हणजे चित्रण दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेने, थोडा तपशील कायमचा टाकून दिला आणि आधीच्या टप्प्यात उमटलेले ठोकळे हाच खरा तपशील समजून ते जपण्यात जागा खर्च केली.

कॅसेट आमच्याच कपाटात होती. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, ती हिला धरली नव्हती, हे आमचे भाग्य. फायरवायर या कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या केबलने ती जशीच्या तशी संगणकावर उतरवली, तेव्हा तासाभराच्या चित्रणाने सुमारे १३ जीबी जागा घेतली. एवढी मोठी फाइल पाहून लोक घाबरतात, लहान प्रत करतात आणि मूळ पुसून टाकतात. माझा आक्षेप या पुसण्याला आहे. लहान प्रत अवश्य करावी, पण ती दर वेळी मुळावरूनच करावी. प्रतीची प्रत करू नये.

लहान करताना बहुतेक जण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणाला किती डेटा द्यायचा ते, ठरवून मोकळे होतात, आणि पालखीच्या चित्रणाचा घात इथेच होतो. एन्कोडर जागा वाचवतो ती मागच्या फ्रेममधला (चित्रणातल्या एका स्थिर चित्रातला) भाग किंचित सरकवून पुन्हा वापरून. पण उधळलेल्या गुलालाचा एकही कण मागच्या जागी नसतो, होळीच्या ज्वाळेचे आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचेही तसेच. देवळात बसून चाललेल्या भजनाला जो बिटरेट पुरतो, तो नाचणाऱ्या पालखीला पुरत नाही. म्हणून आकार न ठरवता दर्जा ठरवावा. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये त्यासाठी सीआरएफ ही दर्जा ठरवणारी सेटिंग आहे: नेहमीच्या ८ बिट चित्रणासाठी ० ते ५१ अशी पट्टी, आकडा लहान तेवढा दर्जा चांगला. काही न सांगितल्यास तो २३ धरतो. मी १८ ठेवतो आणि प्रीसेट, म्हणजे कामाचा वेग, ‘स्लो’. रात्रभर संगणक चालला तरी चालेल. त्याच्या नंतरच्या एक्स२६५ या एन्कोडरमध्ये मात्र हाच आकडा तसाच लावू नये, तिथली पट्टी वेगळी बसते.

जुन्या कॅसेटची आणखी एक अडचण आहे. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन वेगळ्या क्षणांच्या आडव्या ओळी गुंफून बनलेली असते. त्या सोडवण्याआधीच आकार बदलला, तर दोन क्षण एकमेकांत कालवले जातात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे या ओळी सोडवाव्यात, तेही सेकंदाला ५० फ्रेम ठेवून. पालखीचा हेलकावा तेव्हाच खरा वाटतो. शिवाय ७२० बाय ५७६ चे हे पिक्सेल चौरस नसतात. चार-तीन प्रमाणाचे चित्र साधारण ७६८ बाय ५७६ करावे, पण टीव्ही भरावा म्हणून रुंद ताणू नये; आपलीच माणसे बुटकी आणि फुगलेली दिसतात. उंची १०८० पिक्सेलपर्यंत वाढवल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

हल्लीच्या फोनचे फोर-के चित्रण १०८० वर आणणे मला मान्य आहे. पिक्सेल चौथाई होतात आणि गावातल्या बहुतेक पडद्यांना तेवढे पुरतात. नुसता पुढचा-मागचा भाग कापायचा असेल, तर पुन्हा एन्कोड करण्याचे कारणच नाही. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’ सांगितले की चित्र आणि ढोलाचा आवाज दोन्ही अस्पर्श राहतात, फक्त काप जवळच्या की-फ्रेमवर, म्हणजे मागच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर, पडतो.

नवी प्रत साडेतीन जीबीची झाली आहे. तिच्यात आजोबांच्या कपाळावरचा गुलाल दिसतो, आणि त्यांच्या मागे दांडीला खांदा दिलेले काकाही. मूळ १३ जीबी दोन हार्ड डिस्कवर ठेवले आहेत, एक गावी आणि एक मुंबईला. ज्यांना प्रत हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन घरी यावे. मोबाइलवर पाठवायला सांगू नये.