लाकडी चेहरे आणि एक गाढव : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मनापासून रागावून लिहिलेली आहे. तिच्याखाली दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँच्या ‘पिकपॉकेट’ या सिनेमावर मी भरभरून लिहिलं, ते वाचून तुम्ही सिनेमा पाहिलात आणि तुमचा सव्वा तास फुकट गेला. तुमचं म्हणणं असं की त्यातली माणसं लाकडाची आहेत आणि पाढे म्हटल्यासारखं बोलतात. सिनेमा संथ आणि रिकामा आहे. साध्या माणसांकडून एकच शॉट पुन्हा पुन्हा करून घेऊन त्यांच्यातला जीव काढून घेणं हा छळ आहे, कला नव्हे. आणि हेच आपल्याकडच्या कुणी केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं, ब्रेसाँ फ्रेंच म्हणून आरती ओवाळतोय. जाता जाता एक टोलाही हाणलात : ‘या गृहस्थांनी एका चित्रपटात गाढवाला नायक केलं आणि बाकीच्यांत नायकांना गाढव.’

टोला आवडला. त्याच्याकडे येतोच, कारण चेष्टेत लिहिलेलं ते वाक्य तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत ब्रेसाँच्या सर्वांत जवळ पोचतं.

आधी चेहऱ्यांचं बघू. त्यांच्यावर भावना दिसत नाहीत हे खरंच आहे. मग त्या गेल्या कुठे, एवढाच प्रश्न उरतो. ‘पिकपॉकेट’ पुन्हा बघा असं तुम्हाला सांगणं जुलूम होईल, म्हणून त्याच्या तीन वर्षं आधीचा, १९५६चा ‘अ मॅन एस्केप्ड’ घेतो. फ्रान्समधल्या लिओं शहरातला मोंल्यूक तुरुंग, १९४३, जर्मनांचा ताबा. सुरुवातीलाच तुरुंगाच्या भिंतीवरची पाटी दिसते : इथे दहा हजार माणसांनी यातना भोगल्या, त्यांतली सात हजार मेली. पुढच्याच प्रसंगात फोंतेन नावाच्या कैद्याला गाडीतून नेत आहेत. शेजारी बेड्या घातलेले कैदी, याचे हात मात्र मोकळे. कॅमेरा फक्त त्याचा हात दाखवतो. हात दाराच्या मुठीकडे सरकतो, थबकतो, मागे येतो. समोर रस्ता. ट्राम आडवी येते, गाडीचा वेग मंदावतो, दार उघडतं आणि फोंतेन बाहेर.

इथे कुठल्याही दिग्दर्शकाचा कॅमेरा त्याच्यामागे धावला असता. ब्रेसाँचा कॅमेरा गाडीतच बसून राहतो. रिकामी झालेली जागा, आणि शेजारचा कैदी ढिम्म समोर बघतोय. बाहेर धावपळ, ओरडा, गोळ्यांचे आवाज. थोड्या वेळानं फोंतेनला आणून त्याच जागेवर बसवतात.

त्या शेजारच्या कैद्यानं दचकून मागे पाहिलं असतं, डोळे विस्फारले असते, तर घाबरण्याचं काम त्यानं आपल्या वतीनं करून टाकलं असतं. आपण त्याची भीती बघत बसलो असतो. तो हलत नाही, म्हणून ते काम आपल्या अंगावर पडतं. शिवाय तो का हलत नाही हेही कळतं. पळून जाणाऱ्याचं काय होतं हे त्याला ठाऊक आहे. एका रिकाम्या सीटवर इतकं काही दाखवून झालेलं असतं, आणि सिनेमा सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली असतात.

पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हात आणि आवाज. चमचा घासून केलेली पटाशी, तिनं दाराच्या फळ्यांचे सांधे पोखरणं, खाटेच्या तारेवर कापडाच्या पट्ट्या गुंडाळून केलेले दोर, कंदिलाच्या चौकटीचे आकडे. पहारेकरी जिन्याच्या कठड्यावर किल्ली आपटत येतो, तो आवाज ऐकू आला की आपलाही हात थांबतो. पळण्याच्या रात्री खडीवर पाय वाजू नयेत म्हणून हे लोक आगगाडी जाण्याची वाट बघतात. मग कुठूनतरी एक करकर ऐकू येते. काय वाजतंय, कुणालाच कळत नाही. बऱ्याच वेळानं दिसतं की एक पहारेकरी सायकलवरून तुरुंगाभोवती फेऱ्या मारतोय. भीतीचं पार्श्वसंगीत म्हणून न वंगवलेली सायकल! आणि वाटेतल्या पहारेकऱ्याला मारायची वेळ येते तेव्हा फोंतेन भिंतीच्या कोपऱ्याआड जातो. आपल्याला दिसते ती भिंत, ऐकू येते ती गाडी.

डोळा वरवरचा असतो आणि कान खोल जातो, आगगाडीची एक शिटी मनात अख्खं स्टेशन उभं करते, असं ब्रेसाँनं १९७५ साली छापलेल्या टिपणांच्या छोट्या पुस्तकात लिहिलंय. बोललं तसं केलं. बरं, ही गोष्ट त्याची एकट्याची नव्हे. ऑगस्ट १९४३मध्ये मोंल्यूकमधून खरोखर निसटलेल्या आंद्रे देविन्यीच्या आठवणींवर सिनेमा बेतलेला आहे आणि देविन्यी स्वतः सल्लागार होता. ब्रेसाँही युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या ताब्यात राहून आलेला होता. कैद्याचा चेहरा कसा होतो हे त्याला नटाकडून शिकायचं नव्हतं.

‘संथ’ या आरोपाचं मात्र मला खरंच आश्चर्य वाटलं. ब्रेसाँ संथ नाहीच, उलट त्याचा वेग पकडताना दमछाक होते. त्याचा शेवटचा सिनेमा, १९८३चा ‘लार्जाँ’, घ्या. टॉलस्टॉयच्या ‘खोटं कूपन’ या दीर्घकथेतून घेतलेली गोष्ट. शाळकरी पोरं पाचशे फ्रँकची खोटी नोट फोटोच्या दुकानात खपवतात, दुकानदार ती तेलाची डिलिव्हरी करणाऱ्या इव्होंच्या गळ्यात मारतो. इव्हों पकडला जातो, नोकरी जाते, दरोड्यात गाडी चालवतो, तुरुंगात जातो, मूल दगावतं, बायको सोडून जाते, जीव द्यायचा प्रयत्न फसतो, सुटतो, आणि सुटल्यावर जे करतो ते सांगत नाही. हे सगळं दीड तासाच्या आत. आपल्याकडे एवढ्या कथानकात दोन सीझन निघतील. ब्रेसाँ रडारड, समजूत, उपदेश एवढंच गाळतो. घटना गाळत नाही. ‘पिकपॉकेट’मध्ये पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवर तिघे चोर मिळून गर्दी धुऊन काढतात तो भाग तुम्हाला आठवत असेलच. पाकीट एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जातं, एकाचं तर रिकामं करून परत त्याच्याच खिशात ठेवतात. कासाजी नावाचा खराखुरा हातचलाखीवाला ब्रेसाँनं त्यासाठी आणला होता आणि त्याला भूमिकाही दिली. तो भाग संथ वाटला असेल तर माझं म्हणणं इथेच संपलं.

आता गाढव. ‘ओ आझार बाल्ताझार’ (१९६६) या सिनेमात बाल्ताझार नावाचं गाढव या मालकाकडून त्या मालकाकडे जात राहतं. लहानपणी मुलं त्याचं लाडानं बारसं करतात, पुढे एक टारगट पोरगा शेपटीला कागद बांधून पेटवतो, एक दारुडा त्याला घेऊन हिंडतो, सर्कशीत त्याला गणितं करायला लावतात, एक कंजूष व्यापारी राबवतो. ब्रेसाँला शिकवलेलं गाढव नको होतं, कच्चंच हवं होतं. सर्कशीतल्या करामतींसाठी ते शिकवणं भागच होतं, म्हणून तो प्रसंग त्यानं मागे ठेवला. त्याच सर्कशीत बाल्ताझार पिंजऱ्यांसमोरून जातो. वाघ बघतो, गाढव बघतं. पांढरं अस्वल, माकड, हत्ती. एवढंच, नजरेला नजर. गाढवाला अभिनय येत नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं आणि तरी त्या चार-पाच शॉट्समध्ये आपण त्याच्या डोळ्यांत कीव, ओळख, भय असं काय काय वाचून काढतो.

तर तुमचा टोला उलटा करून मान्य. ब्रेसाँला माणसांकडून तेच हवं होतं जे गाढव फुकट देतं. आपण कसे दिसतोय याचा विचार न करता नुसतं असणं. पहिल्या दोन सिनेमांत त्यानं कसलेले नट घेतले, मारिया काझारेससारखी नामवंत अभिनेत्रीही. नंतर तो मार्ग सोडला. फोंतेन झालेला फ्रांस्वा लतेरिए तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता (पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला). पुढच्या एका सिनेमाची नायिका दोमिनिक सान्दा, तिला म्हणे फोनवरचा आवाज ऐकूनच निवडलं. वाक्य इतक्यांदा म्हणवून घ्यायचं की म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ लावायचा कंटाळा यावा, आणि मग ते जसं बाहेर पडेल तसं घ्यायचं. तुम्हाला पाढे वाटले ते त्यामुळे. पाढे म्हणताना पोराचा आवाज अभिनय करत नाही, हे मात्र तुम्हीही कबूल कराल.

यात छळ आहे का? या मुद्द्यावर तुम्ही तुमचीच बाजू पुरेशी लावून धरली नाहीत, असं मी म्हणेन. टेक किती झाले हा छळाचा पुरावा नव्हे, तालमीत नाटकवालेही तेवढे घाम काढतात. बाबेत मँगोल्ट या चित्रपटकर्तीनं ‘पिकपॉकेट’मधल्या तिघांना पुढे अनेक वर्षांनी शोधून माहितीपट केला. नायक झालेला मार्तें लासाल तिला मेक्सिकोत सापडला. त्या बोलण्यात तक्रारीपेक्षा, आयुष्यात एकदा काहीतरी विलक्षण घडून गेलं, हा सूर जास्त आहे. पण ‘बाल्ताझार’ची नायिका झालेल्या आन व्हियाझेम्स्कीचं प्रकरण वेगळं आहे. शूटिंगच्या वेळी ती अठरा वर्षांची होती, ब्रेसाँ साठी ओलांडलेला. २००७ साली तिनं ‘ज्यून फिय’ नावाच्या आत्मचरित्रपर कादंबरीत त्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं. त्यानं तिला सतत आपल्या नजरेखाली ठेवणं, तिच्यावर मालकी गाजवणं, नको असलेली जवळीक आणि ती टाळण्यासाठी तिची चाललेली कसरत. पुस्तकात त्याच्याविषयी मायाही आहे, म्हणून ते वाचून त्याला झटकन निकालात काढता येत नाही. पण ‘माणसाला कोरं करून घ्यायचं’ ही पद्धत दिग्दर्शकाच्या हाती केवढी सत्ता देते, हे त्यातून नीट दिसतं. सिनेमा थोर आहे म्हणून ही गोष्ट माफ होत नाही, आणि ही गोष्ट घडली म्हणून सर्कशीतला तो प्रसंग खोटा पडत नाही. दोन्ही एकदम बाळगावं लागतं आणि ते अवघडच जातं.

उरला फ्रेंच असण्याचा मुद्दा. फ्रेंचांनीच त्याला डोक्यावर घेतलं असं काही नाही. फ्रान्समधल्याच कान चित्रपट महोत्सवात ‘लार्जाँ’साठी रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या बरोबरीनं त्याला पारितोषिक मिळालं, अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हस्ते, आणि सभागृहात हुर्यो उडवणारेही होते. चाळीस वर्षांत जेमतेम तेरा सिनेमे त्याला करता आले.

आणि ‘आपल्याकडच्या कुणी केलं असतं तर’ हा प्रयोग होऊन गेलाय हो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले ऋत्विक घटकांचे दोन विद्यार्थी, कुमार शहानी आणि मणि कौल. शहानी पॅरिसला शिकायला गेले आणि ब्रेसाँच्या ‘युन फाम दूस’वर (१९६९) सहायक होते. कौलांनी त्याच सुमारास ‘उसकी रोटी’ केला, तोही दोनच लेन्सवर, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या. ब्रेसाँचा एकाच, ५० मिलिमीटरच्या लेन्सचा हट्ट प्रसिद्ध आहे, त्याला दिलेलं ते जणू उत्तरच. पुढे दोस्तोयव्हस्कीच्या ज्या कथेवर ‘युन फाम दूस’ होता तिच्यावरच कौलांनी ‘नजर’ केला. ‘उसकी रोटी’ला फिल्मी मासिकांनी कुठल्या शब्दांत झोडपलं असेल याचा अंदाज तुमची प्रतिक्रिया वाचून येतो : लाकडी, रिकामं, परकीयांची नक्कल. नक्कल म्हणाल तर कौल झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकलेले गृहस्थ. त्यांचा सिनेमा आलापीसारखा एकेका सुरावर मुक्काम करतो. ब्रेसाँ तसा कधीच थांबत नाही, त्याला पुढच्या कटची घाई असते. खरा संथ सिनेमा बघायचाच असेल तर ‘उसकी रोटी’ बघा आणि मग मला शिव्या द्या. त्या सिनेमाच्या बाजूनं मी आजवर जितका भांडलोय तितका ब्रेसाँसाठी भांडलेलो नाही, जुने वाचक आहात तर हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पुढची पोस्ट ब्रेसाँच्याच ‘लान्सलो द्यु लाक’वर आहे. तिथे आपण बहुधा एका बाकावर बसू. दरबारातले सरदार चिलखतं खणखणवत सपाट आवाजात प्रेमाबद्दल आणि देवाबद्दल बोलत राहतात, तेव्हा मलाही हसू आवरत नाही. सुरुवातीच्या रक्तपाताचं तर विडंबनच वाटतं. घोड्यांचे पाय आणि भाले दाखवून उभं केलेलं द्वंद्वयुद्धाचं मैदान मात्र मी सोडणार नाही, त्यावर हजार शब्द लिहून ठेवलेत. वाचून रागच आला तर या वेळी नाव घालून लिहा, उत्तर द्यायला सोपं जातं.