साहित्यसिद्धान्त परका नाही, आणि रसाचा वैरीही नाही

एम.ए.चे प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या मराठीच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: साहित्यसिद्धान्ताचा, म्हणजे साहित्य काय असते आणि ते कसे वाचावे याच्या विचाराचा, पेपर रद्द करा, कारण तो विचार आपल्या मातीतला नाही, त्याने वाचनाची गोडी मरते, नोकरीला तो कामाचा नाही आणि शेवटी ती निव्वळ घोकंपट्टी आहे. मी हा पेपर शिकवते, म्हणून उत्तर देते.

आधी मातीचे बोलू. लेखक म्हणजे कोण, हा प्रश्न फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी 1969 साली पॅरिसमध्ये मांडला, हे खरे. पण नामदेवांची गाथा उघडून बघा. 'नामा म्हणे' या मुद्रेखाली, म्हणजे अभंगातल्या कवीच्या सहीखाली, विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचेही अभंग त्यात मिसळले आहेत. कोणता अभंग कोणाचा, हे ठरवताना अभ्यासकांचा आजही कस लागतो. मग 'नामा' हे एका माणसाचे नाव की परंपरेचे? एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि बजावले, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली म्हणून समजा. अर्थात लोक ओव्या घालत होते! आणि साहित्य कोणाचे, कोणासाठी, हा प्रश्न तर याच पुण्यात 1885 साली जोतीराव फुल्यांनी विचारला. ग्रंथकार सभेचे रानड्यांचे निमंत्रण त्यांनी पत्र लिहून नाकारले. ते पत्र वर्गात वाचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही.

गोडी मरते म्हणणाऱ्यांनी गाथासप्तशती या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहातली एक गाथा ऐकावी. गोदाकाठी एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारे ते कुत्रे आज सिंहाने मारले, तिथल्याच झाडीत राहणाऱ्या सिंहाने. शब्दांत परवानगी आहे, पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला कशाला जाईल? प्रियकराला भेटायची तिची जागा मोकळी राहते. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनिविचार, म्हणजे शब्दांपलीकडे सुचणाऱ्या अर्थाचा विचार, मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. वाच्यार्थ (शब्दांचा सरळ अर्थ) एक आणि व्यंग्यार्थ (सुचवलेला अर्थ) नेमका उलट, हे उमगले की वर्गात हशा पिकतो. ज्याला पहिल्या वाचनात ती नुसती बातमी वाटली होती, तोही ती पुन्हा वाचतो. गोडी मेली कुठे?

नोकरीचे थोडक्यात. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट-सेट या पात्रता परीक्षांना साहित्यविचार आहेच. पास होऊनही पोरे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात, हे दुखणे खरे आहे, पण ते जागा न भरण्याचे आहे. पेपर रद्द केला म्हणून एक तरी जागा निघणार आहे का?

घोकंपट्टीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 'संरचनावादाची (साहित्याच्या रचनेतले नियम शोधणाऱ्या विचाराची) वैशिष्ट्ये स्पष्ट करा' असाच प्रश्न येत राहिला, तर मुले अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून नोट्स आणून आठ मुद्दे उतरवणारच, त्यांना बोल कसा लावणार? यावर उपाय अभ्यास मंडळाच्या हातात आहे. पेपरात कधीही न शिकवलेली एक कविता छापा, सोबत दोन परस्परविरोधी वाचने द्या, आणि विचारा: यातले कोणते पटते, आणि का? निम्मे गुण या एका प्रश्नाला ठेवा.