टेन ते इलेव्हन, व्हाया बायोस

विंडोज टेन आलं तेव्हा, म्हणजे २०१५ साली, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्याच एका माणसाने भर कार्यक्रमात सांगून टाकलं होतं की हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन, आता नवीन काही नाही, आहे त्यालाच अपडेट येत राहतील. माझा लगेच विश्वास बसला, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट परत शिकायला लागणार नाही म्हटल्यावर माणूस जरा सैलावतोच ना. मग २०२१ च्या ऑक्टोबरात इलेव्हन आलं. तरी मी गप्प, म्हटलं येऊ दे, आपण आपलं टेनमध्ये सुखी. आणि मग एक दिवस कॉम्प्युटर चालू केला तर स्क्रीनभर पाटी, की बाबा रे १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा सपोर्ट संपतोय, तुझं काय ते ठरव. खाली ‘नंतर आठवण करा’ वगैरे बटणं होती. मी ‘परत तोंड दाखवू नकोस’ असं बटण शोधत होतो, ते काही सापडलं नाही.

आता गंमत बघा, मशीन ठणठणीत होतं. पंखा जरा आवाज करतो, पण तो माझाही श्वास जिना चढताना करतो. त्या तारखेला काही कॉम्प्युटर धूर सोडून बंद पडणार नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच चालू झाला असता, तिसऱ्या दिवशीपण. फक्त यापुढे त्यात एखादं नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नव्हतं. आणि याच मशीनवरून आपण बँकेत लॉगिन करतो, टॅक्स भरतो, त्यामुळे ‘बघू की काय होतंय’ हे धोरण जरा महागात जाऊ शकतं. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण मी स्वतःला चांगला ओळखतो, वर्ष दिलं की मी वर्षभर काहीही करत नाही आणि १२ तारखेला रात्री बॅकअप घ्यायला बसतो. म्हटलं नको, आत्ताच करून टाकू.

तर इलेव्हन घ्यायला तुमचा कॉम्प्युटर लायक आहे का हे तपासायचं एक छोटं ॲप असतं. ते चालवलं. रॅम ४ जीबी लागते, ठीक. डिस्क ६४ जीबी, ठीक. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, त्यात आमचा काठावर पास. टीपीएम २.०, नापास. सिक्युअर बूट (चालू होताना फक्त सही-शिक्क्याचं सॉफ्टवेअरच आत सोडणारी सोय), नापास. म्हणजे रिझल्ट नापास.

टीपीएम म्हणजे मदरबोर्डवर बसवलेली एक चिप, एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करायच्या, चाव्या हार्ड डिस्कवर न ठेवता वेगळ्या सांभाळायला. ती आपल्याकडे नाही हे वाचून मला उगीचच गरीब वाटायला लागलं. मग कळलं की बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही सोय आतच असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारं मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) बंद करून ठेवलेली असते. म्हणजे आहे पण बंद आहे, आणि बंद आहे म्हणून नाही. बरं, चालू करायला बायोसमध्ये जाऊन ‘टीपीएम’ शोधावं तर त्या नावाने तिथे काही भेटेलच असं नाही, कारण इंटेल त्याला पीटीटी म्हणतं आणि एएमडी म्हणतं एफटीपीएम, आणि मदरबोर्डवाले ते ‘ॲडव्हान्स्ड’, ‘सिक्युरिटी’ यातल्या कुठल्यातरी पानाच्या पोटात घालून ठेवतात.

पण ते पुढचं, आधी बायोसमध्ये शिरायला तर पाहिजे. चालू झाल्याझाल्या एक बटण दाबायचं असतं, कुणाचं एफ-टू, कुणाचं डिलीट, आणि ते दाबायची वेळ इतकी बारीक की जरा डोळा लवला की थेट विंडोज उघडतं, आणि मग ते नीट चालू होऊ द्या, नीट बंद करा, परत चालू करा, परत बटणावर बोट ठेवून बसा. अशा वेळी हमखास विंडोजला आठवतं की एक अपडेट टाकायचं राहिलंय, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. शेवटी मी ते बटण टेलिग्राफवाल्यासारखं बडवत राहिलो आणि आत शिरलो. तिथे सगळं काळं-निळं, आणि कुठल्याही ओळीवर गेलं की बाजूला इतकं गंभीर काहीतरी लिहिलेलं की हात लावायच्या आधी वकिलाला विचारावंसं वाटतं.

सिक्युअर बूटची तर वेगळीच तऱ्हा. ते चालायला यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, पाहिजे, यूईएफआयने बूट व्हायला, म्हणजे कॉम्प्युटर चालू व्हायला, डिस्कची आतली मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची पाहिजे, आणि आमची डिस्क होती जुन्या एमबीआर पद्धतीची. डिस्क न बदलता नुसतं बायोसमध्ये सेटिंग फिरवलं की कॉम्प्युटर शांतपणे सांगतो, बूट करण्यासारखं काही सापडलं नाही. म्हणजे सगळा डेटा तिथेच, विंडोज तिथेच, पण त्याला दिसत नाही. यावर एमबीआर-टू-जीपीटी नावाची एक कमांड विंडोजमध्येच असते, काळ्या खिडकीत टाईप करायची, आधी नुसती तपासणी करायची आणि ती पास झाली की मग खरं रूपांतर. डेटा पुसला जात नाही म्हणतात. ‘म्हणतात’ या शब्दावर मी पूर्ण बॅकअप घेतला, तोही दोन ठिकाणी, आणि खरंच नाही पुसला गेला.

या सगळ्या काळात आपल्याला मदत करायला एक मित्र असतोच, जो फोनवर सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, ‘अरे, लिनक्स टाक ना सरळ.’ त्याचं चूक नसतं हो. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकायची दुसरी सिस्टीम, जुन्या मशीनवर छान चालतं, फुकट असतं, टीपीएमचा जप करत नाही. पण मी विचारतोय पीटीटी कुठल्या पानावर असतं आणि हा मला धर्म बदलायला सांगतोय. ‘आणि माझा स्कॅनर चालेल का रे त्यात?’ असं विचारलं की म्हणतो, ‘तो एवढा वापरतोस कशाला?’

इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टक्के वाढतात, रीस्टार्ट होतो, परत शून्यापासून टक्के. चहा होतो, जेवण होतं.

आणि मग उजाडतं. स्टार्ट बटण मध्ये! विंडोज ९५ पासून जे बटण डाव्या कोपऱ्यात होतं (विंडोज ८ मध्ये ते काही काळ गायबच होतं, त्याबद्दल न बोललेलं बरं) ते खाली मधोमध येऊन बसलेलं, तेही एका जागी धड नाही, जितकी जास्त ॲप्स उघडाल तितकं ते डावीकडे सरकत जातं. आपला हात तर सवयीने कोपऱ्यातच जातो, त्याला डोळ्यांची गरजच नसते. आणि त्या कोपऱ्यात आता काय असेल तर हवामान! नुसता बाण तिथे नेला तरी भसकन एक भलामोठा पडदा उघडतो, त्यात तापमान, शेअर बाजार, जगभरच्या बातम्या, कुठल्यातरी नटीचं लग्न. म्हणजे मला उघडायचंय कॅल्क्युलेटर आणि मी दर वेळी बघतोय की उद्या पाऊस आहे का. सेटिंगमध्ये जाऊन स्टार्ट परत डावीकडे नेता येतं, मी नेलंच. पण ज्यांनी टास्कबार, म्हणजे ती खालची पट्टी, वर किंवा बाजूला उभा ठेवला होता अशा लोकांना इलेव्हन आलं तेव्हा ती सोयच ठेवलेली नव्हती, त्यांची समजूत कोणी घातली देव जाणे.

राईट क्लिकचं दुःख तर याहून मोठं. पूर्वी फाईलवर राईट क्लिक केलं की लांबलचक यादी यायची, अर्ध्या गोष्टी कधी आयुष्यात वापरल्या नाहीत, पण बोटाला माहीत होतं काय कितव्या मजल्यावर आहे ते. आता एक छोटा सुबक मेनू येतो, कट, कॉपी, रीनेम यांची चिमुकली चित्रं (सुरुवातीला तर त्यांच्याखाली नावंही नव्हती, नंतर लोकांच्या बोंबांमुळे असेल, घातली), आणि बाकीचं काही पाहिजे असेल तर तळाला ‘आणखी पर्याय दाखवा’. त्यावर क्लिक केलं की काय येतं? तीच जुनी लांबलचक यादी, जशीच्या तशी! रोज लागणारे डबे माळ्यावर नेऊन ठेवावेत आणि माळ्याला सुंदर पडदा लावावा तसला हा प्रकार. शिफ्ट दाबून राईट क्लिक केलं तर थेट जुनी यादी उघडते हे कळल्यावर माझी डावी करंगळी आता कायम शिफ्टवरच असते.

पण थोडं खोदलं ना की मन शांत होतं, कारण खाली सगळं जुनंच आहे. गोल गोल कोपऱ्यांच्या नव्या सेटिंगमधून दोन-तीन क्लिक आत जा, कंट्रोल पॅनेल अजून जिवंत. पेनड्राईव्ह फॉरमॅट करायला घ्या, जी चौकट उघडते ती तर डेव्ह प्लमर नावाच्या इंजिनिअरने १९९४ च्या शेवटी तात्पुरती म्हणून बनवली होती, चांगली डिझाईन येईपर्यंत चालेल म्हणून. ती चांगली डिझाईन अजून येतेच आहे. एफएटी-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये त्या चौकटीतून ३२ जीबीच्या वर फॉरमॅट करता यायचं नाही, ती मर्यादासुद्धा त्यानेच त्या दिवशी अंदाजाने घातली असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपणच तात्पुरतं म्हणून कायमचं करतो असं नाही.

काही गोष्टी चांगल्या आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. नोटपॅडला टॅब आलेत आणि सेव्ह न करता बंद केलं तरी मजकूर परत उघडल्यावर तिथेच असतो, याबद्दल त्यांना सगळं माफ करावंसं वाटतं. वर्डपॅड मात्र गेलं. २०२४ च्या व्हर्जनपासून काढूनच टाकलं. मी ते कधी मुद्दाम उघडल्याचं आठवत नाही, दुसरं काहीतरी उघडताना चुकून उघडायचं, पण तरी आता नाही म्हटल्यावर चुटपुट लागली, आणि ज्याने कधी वापरलं नाही त्यालाच जास्त लागते.

आणि ज्या टेनसाठी मी आज गळा काढतोय ते आलं तेव्हा मी काय कमी शिव्या दिल्या होत्या? सेव्हनवाल्यांना टेन घ्या टेन घ्या म्हणून इतका आग्रह चालला होता की २०१६ मध्ये ती आग्रहाची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली तरी अपग्रेडची ठरलेली वेळ तशीच राहायची. लोक रात्री सेव्हनमध्ये झोपले आणि सकाळी टेनमध्ये उठले. त्याच्या आधी २०१४ ला एक्सपी बंद झालं तेव्हा त्या हिरव्या टेकडीच्या वॉलपेपरसाठी हळहळलो, आणि एक्सपी आलं तेव्हा याच निळ्या-हिरव्या रंगांना खेळणं म्हणून हसणारेही आम्हीच.

अपग्रेड केल्यावर दहा दिवस परत जुन्यावर जायची मुभा असते. मी त्या बटणापर्यंत जाऊन यायचो, दाबायचो नाही, नुसता बघून यायचो. मग मुभा संपली, जुन्या विंडोजचा फोल्डरही साफ झाला, आणि डिस्कवर एवढी जागा मोकळी झाली की मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं उडालं.

आता जरा निवांत झालो म्हणून सहज बघितलं की हे जे मी एवढा जीव काढून टाकलंय ते कधीपर्यंत चालेल. इलेव्हनच्या प्रत्येक व्हर्जनला ‘होम’ या घरगुती आवृत्तीत २४ महिन्यांचा सपोर्ट. माझं व्हर्जन २४एच२, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धातलं. त्याची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६. म्हणजे काहीही न करता टेनची मुदतवाढ घेऊन लोळत पडलो असतो तरी नेमकी हीच तारीख आली असती! हो, पुढचं व्हर्जन आपोआप येतं, छोटंसं असतं, बायोसमध्ये जावं लागत नाही, मला माहितीये सगळं, लिनक्सवाल्याने फोन करून मुद्दाम समजावलं. आवाजात हसू दाबत होता.

परवा आई कॉम्प्युटरवर बसली. मी मागे उभा, सगळं समजावून सांगायच्या तयारीत, स्टार्ट कुठे, शिफ्ट कधी. तिने ब्राउझर उघडला, मेल बघितला, भावाचे फोटो बघितले, एक व्हिडिओ बघितला.

‘आई, काही वेगळं वाटतंय का?’

‘कशात?’

‘अगं विंडोज बदललंय सगळं. नवीन टाकलंय.’

तिने चष्मा सारखा केला, स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘हो का? मला वाटलं तू पुसलायस.’